चिनी कंपन्या परदेशातला चालू धंदा का विकत घेतात?

तुम्ही मूळचे चंद्रपूरचे, सध्या पूर्व आफ्रिकेतल्या एका सिमेंट कारखान्यात मेंटेनन्स सांभाळता, आणि मालक तो कारखाना एका चिनी गटाला विकणार अशी कुजबुज सुरू झाली आहे. तुम्ही विचारलंय की ज्यांना पैसा, यंत्रं, माणसं कशाचाच तोटा नाही, ते लोक आफ्रिकेतला, ब्राझीलमधला, भारतातला जुना धंदा विकत का घेतात? शेजारीच नवा का उभारत नाहीत? यात त्यांच्या सरकारचा डाव किती आणि धंद्याचा हिशोब किती? आणि अगदी शेवटी एका ओळीत, "मग आमचं काय होणार?"

ती शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खरेदीदार नेमके कशाचे पैसे मोजतोय हे एकदा लक्षात आलं, की व्यवहारानंतर तो काय जपणार आणि कशाला हात घालणार याचा बराचसा अंदाज बांधता येतो. म्हणून आधी 'का' बद्दल सविस्तर लिहिते, मग तुमच्याकडे येते.

मी सीए आहे. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या बाजूने बसते. समोर जपानी, युरोपीय, चिनी, खासगी इक्विटी फंड असे सगळे येऊन गेलेत. त्या अनुभवावरून सांगते, 'चिनी कंपनी' असा एकच साचा धरून चालत नाही. बीजिंगच्या केंद्र सरकारच्या मालकीची वीज कंपनी, हुपेइ प्रांतातली सिमेंट कंपनी आणि शांघायचा खासगी औषध समूह यांची गणितं वेगवेगळी असतात. सालही बघावं लागतं. २०१५ मध्ये ज्या सौद्याला चीनमधून सहज पैसे बाहेर येत होते, त्याच सौद्याला २०१८ मध्ये येत नव्हते. आणि विकणारा कोण, त्याला घाई किती, यावर तर निम्मी गोष्ट ठरते. तेव्हा पुढचं सगळं 'साधारणपणे' असं समजून वाचा.

तुमच्याच धंद्यापासून सुरुवात करू, कारण तिथे चित्र सगळ्यात स्वच्छ दिसतं. चीनमध्ये २०१४ साली सुमारे २४८ कोटी टन सिमेंट निघालं. जगातलं निम्म्याहून जास्त सिमेंट त्या एका देशात. २०२१ पासून तिथले मोठमोठे बिल्डर अडचणीत आले, घरबांधणी बसली, आणि २०२४ मध्ये उत्पादन साधारण १८२ कोटी टनांपर्यंत खाली आलं. मागणी गेली, किल्न, म्हणजे सिमेंटच्या भट्ट्या, मात्र जागेवरच राहिल्या. सरकारने सक्ती केली की हिवाळ्यात आणि मंदीच्या काळात किल्न आळीपाळीने बंद ठेवायचे. शिवाय नवा किल्न टाकायचा तर जुनी क्षमता आधी मोडीत काढून दाखवायची, आणि बऱ्याच भागांत ती नव्या क्षमतेपेक्षा जास्त असायला हवी. अशा कंपनीच्या संचालकांना घरात वाढायला जागाच उरत नाही. हाताशी तयार इंजिनिअर आहेत, यंत्रं बनवणारे पुरवठादार आहेत, बँक ओळखीची आहे, आणि किल्न वर्षातले काही महिने थंड पडलेत.

सिमेंट निर्यात करावं म्हटलं तर माल जड आणि स्वस्त. क्लिंकर, म्हणजे किल्नमधून निघणारा अर्धवट तयार माल, जहाजाने बंदरापर्यंत नेता येतं, त्यापुढे ट्रकचं भाडं नफा खाऊन टाकतं. झांबिया आणि मलावीला तर समुद्रकिनाराच नाही. त्यामुळे तिथे विकायचं असेल तर तिथल्याच चुनखडीवर, तिथल्याच किल्नमध्ये बनवावं लागतं. हुपेइमधल्या हुआशिन सिमेंटने नेमकं हेच केलं. केनियातली एआरएम सिमेंट २०१८ मध्ये कर्जात बुडून प्रशासकांच्या ताब्यात गेली होती. तिचा टांझानियातला टांगाजवळचा कारखाना हुआशिनने २०२० मध्ये घेतला. २०२१ मध्ये होल्सिम या स्विस सिमेंट कंपनीकडून तिच्या झांबियातल्या लाफार्ज कंपनीचा ७५ टक्के हिस्सा सुमारे १५ कोटी डॉलरला घेतला आणि सोबत मलावीचा धंदाही. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली नाताल पोर्टलँड आणि मोझांबिकचे कारखाने. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नायजेरियातल्या लाफार्ज आफ्रिकाचा जवळजवळ ८४ टक्के हिस्सा घेण्याचा करार झाला, तोही संपूर्ण कंपनीची किंमत १ अब्ज डॉलर धरून.

आता तुमचा नेमका सवाल: नवा कारखाना का नाही? पैसा आणि यंत्रं यांनी जे मिळत नाही ते जुन्या कारखान्याजवळ असतं. खाणपट्टा, पर्यावरणाचा परवाना, विजेची जोडणी, गावकऱ्यांशी जमिनीचा जुना करार, डीलरांचं जाळं, गोणीवरचं लोकांच्या ओळखीचं नाव. झांबियात हुआशिनने लाफार्जचं नाव उतरवलं आणि १९४९ पासूनचं 'चिलांगा' हे स्थानिक नाव परत लावलं, स्वतःचं लावलं नाही. यामागे विचार असतो. आणखी एक कारण आहे, जे मला त्याहून मोठं वाटतं. लहान बाजारात दोन-तीनच किल्न असतात. चौथा टाकलात की भाव पडलाच, आणि पडलेला भाव वर यायला वर्षं जातात. असलेला किल्न विकत घेतला तर बाजारातली क्षमता तेवढीच राहते, भाव टिकतो. घरच्या भावयुद्धात होरपळलेल्या माणसाला परदेशात दुसरं भावयुद्ध सुरू करायची हौस नसते.

इथे विकणाऱ्याकडे वळायला हवं. लोक चर्चा करताना खरेदीदाराच्या हेतूवरच थांबतात, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. कोणी विकायला काढल्याशिवाय कोणी घेत नाही. होल्सिमला कर्ज कमी करून छप्परं आणि बांधकामाच्या नव्या साहित्यात शिरायचं होतं. त्या एकाच धोरणापायी तिने २०२२ मध्ये भारतातली अंबुजा आणि एसीसी अदानींना विकली, ब्राझीलचा धंदा तिथल्याच एका पोलाद कंपनीला दिला, आणि आफ्रिकेतले कारखाने हुआशिनला. हुआशिनमध्ये होल्सिमचाच सुमारे ४२ टक्के वाटा आहे, म्हणजे माल ओळखीच्याच हाती गेला. नाताल पोर्टलँड विकणारी इंटरसिमेंट ही ब्राझीलच्या कामार्गो कोरेया समूहाची. 'लावा जातो' भ्रष्टाचार प्रकरणात तो समूह सापडला, कर्ज डोईजड झालं, आणि विक्री सुरू झाली. याच समूहाने काही वर्षं आधी सीपीएफएल या ब्राझीलच्या मोठ्या वीज कंपनीतला आपला हिस्सा चीनच्या स्टेट ग्रिड या सरकारी वीज कंपनीला विकला होता. २०१७ मध्ये स्टेट ग्रिडने त्या कंपनीचा ताबा सुमारे साडेचार अब्ज डॉलर मोजून घेतला. सिमेंट आणि वीज, दोन वेगळे धंदे आणि दोन वेगळे चिनी खरेदीदार, पण विकणारं घर एकच आणि त्याची अडचणही एकच.

विकणाऱ्याला गरज असते तेव्हा टेबलावर कोण कोण येतं हेही सांगते. युरोपीय किंवा अमेरिकी फंडाला पाच-सात वर्षांत विकून बाहेर पडायचं असतं, म्हणून तो आफ्रिकेतल्या चलनाची घसरण, राजकीय धोका, शेवटी गिऱ्हाईक मिळेल की नाही, हे सगळं किमतीतून कापून घेतो. चिनी औद्योगिक खरेदीदाराला विकून बाहेर पडायचंच नसतं. यंत्रांचे सुटे भाग आणि दुरुस्ती त्याला स्वस्तात पडते. कर्जही स्वस्त मिळतं: चीनमधली बँक मूळ कंपनीकडून तारण घेऊन हमी देते आणि त्या हमीवर हाँगकाँगची शाखा डॉलरमध्ये कर्ज देते. मग त्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा वर जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढे पैसे देतोय म्हणजे काहीतरी छुपं असणार. बहुतेक वेळा एवढंच असतं, की एकच कारखाना त्याच्या हिशोबात खरोखरच जास्त किमतीचा ठरतो.

आता परवानगीचा मुद्दा जवळून दाखवते, कारण औषधांच्या धंद्यात तो फार ठळक आहे. २०२० च्या आधी वाळूजच्या एका इंजेक्शन बनवणाऱ्या कंपनीच्या विक्रीवर मी काम करत होते. चिनी खरेदीदाराचा चमू आला. डेटा रूममध्ये, म्हणजे खरेदीदाराला कागदपत्रं दाखवायच्या जागी, आम्ही तीन वर्षांचे ताळेबंद, करांची प्रकरणं, जमिनीचे कागद सगळं नीट लावून ठेवलं होतं. त्यांच्या गुणवत्ता विभागाच्या प्रमुख बाई होत्या. त्यांनी ताळेबंदाला हातही लावला नाही. पहिली मागणी केली ती अमेरिकी औषध प्रशासनाच्या तपासनीसांनी नोंदवलेल्या आक्षेपांची, म्हणजे फॉर्म ४८३ ची, आणि त्यांना कंपनीने दिलेल्या उत्तरांची. दुपारपर्यंत त्या पाणी शुद्ध करण्याच्या विभागात होत्या. संध्याकाळी सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत बसून जुनी रजिस्टरं चाळली. खाडाखोड कुठे आहे, सही कोणाची आहे, वेळ जुळते का. दुसऱ्या दिवशी विचारलं, की अमेरिकेतली औषधांची मंजुरी कोणाच्या नावावर आहे, तुमच्या की तिथल्या वितरकाच्या? नफ्यातोट्याची चर्चा त्यानंतर.

त्यांना आमच्याकडून औषध बनवायची विद्या नको होती, ती त्यांच्याकडे होती. त्यांना हवा होता अमेरिकी तपासणीतून तावून सुलाखून निघालेला कारखाना आणि तिथे जमलेला विश्वास. तो चीनमध्ये नव्याने उभा करायला पाच-सात वर्षं लागली असती, आणि तरीही मिळेलच याची खात्री नाही.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण हैदराबादच्या ग्लँड फार्माचं. शांघायच्या फोसुन फार्माने २०१६ च्या जुलैमध्ये तिचा सुमारे ८६ टक्के हिस्सा १.२६ अब्ज डॉलरपर्यंत घ्यायचं जाहीर केलं. ग्लँडची इंजेक्शनं मुख्यतः अमेरिकेत जात, अमेरिकी मान्यता असलेले कारखाने तिच्याकडे होते. भारतात चालू औषध कंपनीत ७४ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणूक आपोआप मार्गाने करता येत होती, त्यावर सरकारची मंजुरी लागायची. ती मिळेना, मध्ये डोकलाम झालं. शेवटी हिस्सा बरोबर ७४ टक्क्यांवर आणला, किंमत सुमारे १.०९ अब्ज डॉलर झाली आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये व्यवहार पूर्ण झाला. २०२० मध्ये ग्लँडचा आयपीओ आला, त्यानंतरही बहुमत फोसुनकडेच राहिलं. पुढे २०२३ मध्ये ग्लँडने फ्रान्समधली सेनेक्सी ही कंपनी विकत घेतली. चिनी पैसा, हैदराबादची कंपनी, युरोपातली खरेदी. ग्लँड बंद करून माल चीनमधून आणण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मोलाची गोष्ट हैदराबादच्या कारखान्यातच होती.

खाणींची गोष्ट वेगळी, आणि इथे सरकारचा हात जास्त ठळक. तांबं, कोबाल्ट, लिथियम शुद्ध करण्याची क्षमता चीनने प्रचंड उभारली आहे, कच्चा माल मात्र बाहेरचा. काँगोत जगातलं बहुतांश कोबाल्ट निघतं. तिथली तेंके फुंगुरुमे खाण अमेरिकेच्या फ्रीपोर्टकडे होती. फ्रीपोर्टने तेल-वायूच्या कंपन्या घेऊन कर्जाचा डोंगर केला होता, तेल पडलं, आणि २०१६ मध्ये तिने आपला ५६ टक्के हिस्सा चीनच्या सीएमओसीला २.६५ अब्ज डॉलरला विकला. इथेही विकणाऱ्याचं कर्ज आलंच. पेरूमधली लास बांबास ही तांब्याची खाण तर आणखी बोलकी आहे. ग्लेनकोर आणि लास बांबासची तेव्हाची मालक एक्स्ट्राटा या दोन खाण कंपन्या एकत्र येत होत्या. २०१३ मध्ये चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने मंजुरी देताना अट घातली की लास बांबास विका. २०१४ मध्ये ती घेतली चिनी कंपन्यांच्याच गटाने, मिनमेटल्सच्या एमएमजीच्या नेतृत्वाखाली, ५.८५ अब्ज डॉलरला. सरकारी धोरण आणि खरेदी यांचा इतका थेट धागा मला दुसरीकडे क्वचितच दिसला आहे.

पण तिथेच पुढे काय झालं तेही बघा. मूळ आराखड्यात तांब्याचं कॉन्सन्ट्रेट (खनिजातली माती-दगड काढून उरलेला भुगा) पाइपलाइनने ग्लेनकोरच्याच दुसऱ्या खाणीकडे न्यायचं होतं. खाण वेगळ्या मालकाकडे गेली, पाइपलाइन रद्द झाली, आणि माल ट्रकने गावागावांतून जाऊ लागला. धूळ, हादरे, जमिनीच्या भरपाईचे वाद. २०१६ पासून गावकऱ्यांनी रस्ता शेकडो दिवस रोखून धरला आहे. काँगोतही २०२२ मध्ये तिथल्या सरकारी भागीदाराशी वाद होऊन तेंकेची निर्यात कित्येक महिने अडकली होती. दस्तऐवजात खाण येते, तिच्याभोवतीची माणसंही येतात, आणि ही दुसरी बाजू चिनी खरेदीदार हमखास कमी लेखतात, असं माझं मत आहे. त्यांची तांत्रिक तपासणी उत्तम असते, गावाची तपासणी कच्ची.

तिसरी जात कारखान्यांची, आयात शुल्क चुकवण्यासाठी घेतलेल्या. चीनची मोटारींची निर्यात वाढत गेली, २०२३ मध्ये तो जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार झाला, पण ठिकठिकाणी आयात शुल्क आडवं येतं. मग देशात शिरायचा मार्ग म्हणजे तिथला बंद पडलेला किंवा पडत असलेला कारखाना. ग्रेट वॉल मोटर या चिनी कंपनीने २०२० मध्ये जनरल मोटर्सचा थायलंडमधल्या रायोंगचा कारखाना घेतला आणि पुढच्याच वर्षी तिथून गाड्या काढल्या. २०२१ मध्ये ब्राझीलमधला मर्सिडीजचा इरासेमापोलिसचा घेतला. आणि जनरल मोटर्सकडूनच, २०२० च्या जानेवारीत, तळेगाव दाभाड्याचा कारखाना घ्यायचंही तिने ठरवलं होतं. वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार गाड्यांची क्षमता, चाकणचे पुरवठादार हाकेच्या अंतरावर. पण २०२० च्या १७ एप्रिलला केंद्र सरकारची प्रेस नोट ३ निघाली आणि सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रत्येक गुंतवणुकीला केंद्राची मंजुरी सक्तीची झाली. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार झाला, त्याच सुमारास गलवान घडलं. मंजुरी आली नाही, २०२२ च्या जूनअखेर करार संपला, आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. खरेदीदाराचा हेतू रायोंगला आणि तळेगावला एकच होता. फरक पडला तो यजमान देशाच्या मनात काय होतं त्याने. वाळूजच्या आमच्या बोलण्यांवरही तिथेच पडदा पडला.

मलेशियात जीली या चिनी मोटार कंपनीने २०१७ मध्ये प्रोटॉनचा ४९.९ टक्के हिस्सा घेतला, तोही याच माळेतला: राष्ट्रीय ब्रँड, तयार विक्री केंद्रं. जीलीच्याच मॉडेलवरची नवी गाडी आणल्यावर प्रोटॉनची विक्री २०१८ मधल्या सुमारे ६५ हजारांवरून २०१९ मध्ये १ लाखापर्यंत गेली.

सरकारच्या डावाबद्दल आता सरळ उत्तर देते. चीनने शतकाच्या सुरुवातीलाच 'बाहेर पडा' असं धोरण पंचवार्षिक योजनेत घातलं. निर्यातीतून साठलेली परकीय गंगाजळी २०१४ मध्ये ४ ट्रिलियन डॉलरच्या घरात गेली होती. नुसती अमेरिकी रोख्यांत ठेवण्यापेक्षा ती खाणी आणि कारखान्यांत घालणं शहाणपणाचं वाटलं. पण सरकार म्हणजे एक माणूस नाही. परदेशी खरेदीला तीन दारं ओलांडावी लागतात: राष्ट्रीय विकास व सुधारणा आयोग, वाणिज्य मंत्रालय, आणि परकीय चलन प्रशासन. २०१६ मध्ये पैसा इतक्या वेगाने बाहेर जायला लागला की ही दारं आवळली गेली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये यादीच निघाली: हॉटेलं, करमणूक, क्रीडा क्लब, स्थावर मालमत्ता यांवर मर्यादा, जुगारावर बंदी, आणि नैसर्गिक संसाधनं किंवा उत्पादनाला पूरक खरेदीला प्रोत्साहन. म्हणजे कोणता कारखाना घ्यायचा हे बहुतेक वेळा कंपनी ठरवते. पैसा बाहेर सोडायचा की नाही आणि किती स्वस्त, हे सरकार. खाणी आणि विजेत सरकारची इच्छा जास्त असते, सिमेंट-औषध-मोटारींत कमी.

स्टेट ग्रिडसारख्या सरकारी कंपनीतही धंद्याचा हिशोब असतोच. चीनमध्ये २०१८ आणि २०१९ मध्ये सरकारने व्यापारी वीजदर दर वेळी १० टक्क्यांनी उतरवायला लावले. ब्राझीलमध्ये नियामकाने ठरवून दिलेला, महागाईशी जोडलेला परतावा मिळतो. शिवाय बेलो मोंते धरणाची वीज आग्नेयेकडच्या शहरांत पोचवायला दोन हजार किलोमीटरहून लांब वाहिन्या लागतात, आणि ८०० किलोव्होल्टच्या वाहिन्या टाकण्यात स्टेट ग्रिडचा हात कोणी धरू शकत नाही. पण यजमानाने मनावर घेतलं नाही तर सरकारी कंपनीचंही काही चालत नाही: कराचीची के-इलेक्ट्रिक घ्यायचं शांघाय इलेक्ट्रिक पॉवरने २०१६ मध्ये ठरवलं, दर आणि परवानग्यांच्या घोळात ते वर्षानुवर्षं रखडलं आणि शेवटी बारगळलं.

वाईट हेतूही असतात, तेही सांगायला हवं. काही खासगी समूहांनी २०१५-१६ मध्ये कर्ज काढून दिसेल ते घेतलं. त्यात पैसा देशाबाहेर हलवणं हा मोठा भाग होता. त्यांतल्याच एचएनए समूहाने ब्राझीलच्या अझुल विमान कंपनीतसुद्धा हिस्सा घेतला होता. २०१८ पासून विकाविकी, २०२१ मध्ये दिवाळखोरी. अशा खरेदीदाराला कारखान्याच्या आत काय आहे यात रस नसतो. त्यांना ओळखायची माझी खूण साधी आहे: त्यांच्यासोबत बँकर आणि वकील येतात, इंजिनिअर येत नाही.

आता तुमच्याकडे. तुमच्या कारखान्यात खरेदीदाराची माणसं येऊन गेली असतील किंवा येतील. ती कुठे जातात ते बघा. सिमेंटचे खरे खरेदीदार खाणीच्या बेंचवर जातात, चुनखडीचा साठा किती वर्षं पुरेल ते विचारतात, एक किलो क्लिंकरला किती उष्मांक लागतो त्याच्या रोजच्या नोंदी मागतात, आणि मग स्टोअरमध्ये बराच वेळ काढतात. कोणतं बेअरिंग कुठून येतं, किल्नच्या आतल्या उष्णता सोसणाऱ्या रिफ्रॅक्टरी विटा कोणाच्या, गिअरबॉक्स किती जुना. हे सगळं विचारलं तर कारखाना चालवायलाच घेतायत असं समजा. तो बंद करून सिमेंट चीनहून आणणं हिशोबातच बसत नाही, हे वर आलंच. बदलेल ती सुट्या भागांची खरेदी. ती पहिल्या वर्षातच चीनकडे वळते, आणि भारतातून माल पुरवणाऱ्यांना त्याचा फटका बसतो.

माणसांच्या बाबतीत मी तुम्हाला गोड सांगणार नाही. स्थानिक कामगार, विक्री, हिशोब, सरकारी कामकाज बघणारे लोक सहसा राहतात, कारण परवानग्या आणि बाजार त्यांच्याच जोरावर असतात. उत्पादन आणि मेंटेनन्सचे प्रमुख मात्र वर्ष-दीड वर्षात त्यांचे स्वतःचे येतात. तिसऱ्या देशातून आलेल्या तंत्रज्ञाची, म्हणजे तुमची, जागा सगळ्यात कच्ची. तुमच्या हातात टिकाऊ गोष्ट एकच: त्या किल्नचा इतिहास, जो कागदावर नाही. बाहेरचं पोलादी शेल कुठे वाकलंय, कोणत्या पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं, गेल्या शटडाउनला काय अर्धवट राहिलं. नव्या मालकाला पहिलं वर्ष याची फार गरज असते, आणि तेवढ्या काळासाठी चांगल्या अटी मागायला अजिबात संकोच करू नका.

आजच करायच्या गोष्टी. शेअर विकले जातायत की फक्त मालमत्ता, हे एचआरला किंवा मालकांना विचारा. शेअर विकले तर कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलतो, आणि तुमचा करार साधारणतः जसाच्या तसा चालू राहतो. मालमत्ता विकली तर जमीन, इमारत, यंत्रं नव्या मालकाकडे जातात आणि माणसांचं काय ते त्या देशाचा कायदा आणि करारातली कलमं ठरवतात. तळेगावला जमीन, इमारत आणि काही यंत्रंच विकली गेली. आधी काढून टाकलेल्या हजाराहून जास्त कामगारांना आपल्या हक्कांसाठी वेगळं भांडावं लागलं. तुमचा वर्क परमिट कोणाच्या नावावर आहे ते तपासा, कारण बऱ्याच देशांत तो मालकाशी बांधलेला असतो. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, परतीचं भाडं यांचा आजवरचा हिशोब सध्याच्या मालकाकडून लेखी घ्या, आणि तो व्यवहार पूर्ण व्हायच्या आधी घ्या. खरेदीचे पैसे एस्क्रोमधून, म्हणजे अटी पुऱ्या होईपर्यंत तिसऱ्याकडे ठेवलेल्या खात्यातून, सुटेपर्यंत जुना मालक तुमचा फोन उचलतो. थांबण्याबद्दलचा बोनस देऊ असं कोणी तोंडी म्हणालं तर रक्कम, तारीख आणि देणार कोण, जुनी कंपनी की नवी, हे पत्रावर आणा. करारातलं बदलीचं आणि नोटिशीचं कलम नावं झाकून इथे टाकलंत तर मी वाचून सांगेन.